जिन्यावरून सांगितलेली वादळं

सुनंदा : आणि ढगाखालचं हिरवं म्हणजे कसलं हिरवं? दादा विचारतो, कोवळ्या पानासारखं की शेवाळासारखं?

मंदाकिनी : शेवाळासारखं.

सुनंदा : नुसतं शेवाळ सांगितलं तर म्हणेल, ओलं की सुकलेलं? वहिनी, एकदाच काय ते नीट सांगून टाक ने. माझे गुडघे आहेत, लिफ्ट नाही.

मंदाकिनी : वरपर्यंत येऊ नकोस. सातव्या पायरीवरच बस. तिथून ऐकू येतं.

सुनंदा : सातव्या पायरीवरच बसले आहे. तोंडाला मास्क आहे, पदराला कापूर-वेलचीची पुडी आहे. एवढी तयारी करून तर मी तुमच्या लग्नातसुद्धा आले नव्हते.

मंदाकिनी : ताट दाराबाहेर ठेवलंय. उकळत्या पाण्यात टाक.

सुनंदा : टाकते. बारा दिवस उकळून उकळून ताटाचा काठ पातळ झाला असेल. आणि आमटी परत तशीच ठेवलीस?

मंदाकिनी : भूक नव्हती.

सुनंदा : काल पण नव्हती. सोसायटीतल्या बायका रोज फाटकाशी धरतात मला. अमेरिकेहून मंदाबेन आल्या, दिसत का नाहीत? मी सांगते, बेन, स्वाईन फ्लू चाललाय, त्यात आमच्या दादाची फुप्फुसं अकरा वर्षांपासून अशी, घरात सिलिंडर. म्हणून वहिनी वरच्या खोलीत वेगळी राहते. त्यांना एवढं कौतुक वाटतं! म्हणतात, नवऱ्यासाठी किती जपते.

मंदाकिनी : वादळाचं सांगू का?

सुनंदा : सांग. नाहीतर तो खाली वाट बघत बसेल. फोनवर बोला म्हटलं तर फोन कानाला लावला की त्याचं कानाचं यंत्र शिट्टी मारतं. आणि त्याच्या आवाजाचं तर आता, खोलीच्या दारापर्यंत पोचला तरी पुष्कळ.

मंदाकिनी : संध्याकाळचे साडेसहा असतील. आयोवात तेव्हा चांगलं ऊन असतं. मोहनाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पश्चिमेला बघितलं की नुसता मका. टेकडी नाही, झाड नाही, काही नाही. ढग आला तो फळीसारखा सरळ. खालची कड सुरीनं कापल्यासारखी. त्याच्या खाली ते हिरवं. आणि वीज आधी दिसते. आवाज नाही. कितीतरी वेळ नुसती वीज.

सुनंदा : आवाजाशिवाय?

मंदाकिनी : लांब असते ना. चाळीस-पन्नास मैलांवरची पण दिसते. आपल्याकडे घरं मध्ये येतात.

सुनंदा : मग?

मंदाकिनी : मग गावातला भोंगा वाजला. टीव्हीवर नकाशा होता तो लाल झाला. मोहना बाळाला घेऊन तळघरात गेली. गारा पडल्या, लिंबाएवढ्या. अर्ध्या तासानं परत ऊन.

सुनंदा : आणि तू?

मंदाकिनी : मी पण. तळघरात.

सुनंदा : बरं. फळी, सुरी, शेवाळ, मुकी वीज, लिंबं. जाते सांगायला. मग मला फतेगंजला जायचंय, दादाचं वाफेचं औषध संपत आलं.

*

रमाकांत : काय... म्हणाली?

सुनंदा : हे बघ, ढग होता शेवाळलेला, फळीसारखा. सुरीनं कापलेला. वीज मुकी. वरून लिंबं पडली.

रमाकांत : हे मंदा बोलली... की तू?

सुनंदा : अर्धं अर्धं.

रमाकांत : शेवाळ, फळी... न्हाणीघर सांगत्येस मला.

सुनंदा : मग जा स्वतः वर आणि ऐक! मी काय तुझ्या कॉलेजची विद्यार्थिनी आहे? गारांना लिंबं म्हणाली ती. लिंबाएवढ्या गारा. झालं?

रमाकांत : आता कळलं. चाळीस वर्षं... मुलांना फळ्यावर ही वादळं काढून दाखवली. खडूनं. डोळ्यांनी एक पण नाही पाहिलं. ती गेली बाळंतपणाला... आणि तिनं पाच महिन्यांत सोळा पाहिली.

सुनंदा : सोळा? मला तर सात वाटली.

रमाकांत : तू सांगितलीस सात. मोहनानं पत्रात लिहिलं होतं... आई खिडकीतून हलत नाही म्हणून. भ्याली का ती?

सुनंदा : ते काल विचारलंस. हो म्हणाली.

रमाकांत : कसं म्हणाली?

सुनंदा : तोंडानं म्हणाली. दादा, तू जास्त बोलू नकोस. नळी नाकातून सरकली बघ. मी दोन तासांत आले. उशाशी घंटी आहे. वाजव, शेजारचा उत्कर्ष पुस्तक घेऊन बाहेरच्या खोलीत बसणार आहे.

*

सुनंदा : वहिनी. दार उघड.

मंदाकिनी : तू शेवटच्या पायरीवर आलीस? मागे हो आधी. मी मास्क बांधते.

सुनंदा : मागे पण होत नाही आणि मास्क पण राहू दे. डॉक्टर अविनाश भेटले दवाखान्यात.

मंदाकिनी : औषध मिळालं?

सुनंदा : मिळालं. मी त्यांना म्हटलं, आमच्या वहिनीचा खोकला अजून आहे, दहाचे बारा दिवस झाले, आणखी किती दिवस ठेवायचं वर? ते म्हणाले, दहा कुणी सांगितले? मी सात सांगितले होते. पहिल्याच दिवशी, फोनवर, खुद्द वहिनींना. ताप नसेल तर आठव्या दिवशी मोकळ्या.

मंदाकिनी : हं.

सुनंदा : हं काय? ताप होता?

मंदाकिनी : नाही.

सुनंदा : खोकला?

मंदाकिनी : नाही.

सुनंदा : म्हणजे मी बारा दिवस या जिन्यावर कसरत करतेय आणि तू वर ठणठणीत! दीड दिवसाचा गणपती आला, गेला. मोदक मी केले, सगळे फुटले, दादानं फुटलेले खाल्ले. तू वरून टाळ्या वाजवल्यास आरतीला. मला रडू आलं होतं तेव्हा, ठाऊक आहे? म्हटलं, बिचारी, सणासुदीची एकटी.

मंदाकिनी : मी तुला दहा म्हटलं आणि तू काही विचारलंच नाहीस.

सुनंदा : काय विचारणार? आपल्या घरात बाजूला बसायचं म्हटलं की दहाच दिवस. आई गेली तेव्हा दहा, मोहना झाली तेव्हा दहा. मला वाटलं, फ्लूचे पण दहाच असतील.

मंदाकिनी : तेच. म्हणून दहा म्हटलं. बारा म्हटलं असतं तर तू डॉक्टरांना फोन केला असतास.

सुनंदा : हे ठरवून केलंस?

मंदाकिनी : ठरवलं नव्हतं. अहमदाबादहून टॅक्सी आली, आपल्या हरणीच्या वळणावर आली, फाटकाशी थांबली. ड्रायव्हरनं बॅगा उतरवल्या. तू दारात तांदूळ-पाणी घेऊन उभी होतीस. आतून यांचा खोकला ऐकू आला. आणि माझ्या तोंडून निघालं, सुनंदा, लांब राहा, मला दहा दिवस वर राहायचंय. मी म्हटलं आणि मलाच ऐकू आलं.

सुनंदा : दादावर रागावली आहेस?

मंदाकिनी : नाही.

सुनंदा : मग मोहनाकडे काही झालं? जावई काही बोलले?

मंदाकिनी : काही झालं नाही. जावई चांगले आहेत. भांडी घासतात. सानवी चांगली आहे. सव्वातीन किलोची झाली. सगळं व्यवस्थित झालं.

सुनंदा : तर मग काय गं? मला समजेल असं सांग. मी काही दादासारखी हुशार नाही.

मंदाकिनी : तिथं पहिले पंधरा दिवस मी पहाटे चारला उठायची. खोकला ऐकायला. वाफेची वेळ ना यांची. उठून बसायची, आणि खोकला नाही. सगळीकडे चिडीचूप. मग सोळाव्या दिवशी जाग आली तर सात वाजले होते. त्यानंतर परत चारला कधी उठले नाही.

सुनंदा : बरं झालं की. अकरा वर्षांची झोप होती.

मंदाकिनी : तसं मला पण वाटलं. की झोप झाली की माणूस माणसात येईल. पण नाही. बाळ हातात दिलं, मोहना रडली, जावई रडले, नर्सचे पण डोळे भरले. मी बाळाची बोटं मोजली. दहा होती. मी म्हटलं, छान. मोहना म्हणाली, आई, तुला आनंद नाही झाला? मी म्हटलं, झाला ना.

सुनंदा : आणि वादळं?

मंदाकिनी : वादळं बघायला बरं वाटायचं. बरं म्हणजे, त्यात आपल्याला काही करायचं नसतं. ते येतं, जातं. सुनंदा, मी तळघरात नव्हते गेले.

सुनंदा : कधी?

मंदाकिनी : त्या दिवशी. भोंगा वाजला, मोहना खालून ओरडत होती, आई ये, आई ये. मी खिडकीशी होते. शेजाऱ्यांची पत्र्याची शेड उचलली गेली, अशी, डब्याचं झाकण उचलावं तशी. मी बघत होते. शूर वगैरे नव्हते गं मी. मला वाटलं, येतंय तर येऊ दे. आणि गेलं ते बाजूनं. तेव्हा हायसं पण वाटलं नाही. मोहना वर आली, दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

सुनंदा : अरे देवा.

मंदाकिनी : हे रोज विचारतात ना, भ्याली का. तू हो सांगतेस.

सुनंदा : तूच हो म्हणाली होतीस!

मंदाकिनी : मग काय सांगायचं? मला भीती वाटली नाही, तुमच्याकडे यायची ओढ पण वाटली नाही, विमानात पण काही वाटलं नाही. आता जिना उतरले आणि त्यांनी तोंडाकडे बघितलं तर त्यांना एका मिनिटात कळेल. ते काय सुनंदा आहेत, दहा म्हटलं की दहा मानायला?

सुनंदा : मार टोमणा. मार. पण मी आता काय करू ते सांग. आमचे हे पाच महिने गोत्रीच्या घरी एकटे डब्यावर आहेत. रोज फोनवर विचारतात, तुझी वहिनी खाली उतरली का? जसं काही विहिरीत पडलीस.

मंदाकिनी : तू जा उद्या. मी बघते सगळं.

सुनंदा : वरून बघणार?

मंदाकिनी : सांग त्यांना, खोकला आहे अजून. रविवारपर्यंत.

सुनंदा : ते नाही सांगणार. ढगांचं मी वाटेल ते सांगितलं असेल, पण हे खोटं आहे. मला दादाशी खोटं बोलता येत नाही. माझे कान लाल होतात, लहानपणापासून.

*

रमाकांत : कान लाल झालेत तुझे.

सुनंदा : उन्हातून आले.

रमाकांत : बाहेर ढग आहेत.

सुनंदा : दादा, मला एक सांग. तू रागावणार नाहीस ना? वहिनीचा...

रमाकांत : खोकला नाही. माहीत आहे.

सुनंदा : कोणी सांगितलं?

रमाकांत : अविनाश आला होता... मला तपासायला. आठव्या दिवशी. तू बाजारात होतीस. म्हणाला, सर, वहिनी आता मोकळ्या. मी म्हटलं, बरं.

सुनंदा : आणि तू चार दिवस मला वर धाडतोस! ढगाचा रंग विचार, वाऱ्याची दिशा विचार! माझ्या गुडघ्यांची दया नाही आली?

रमाकांत : आली. पण दार वाजवायला... काहीतरी निमित्त लागतं ना. ये म्हटलं तर आली असती ती. लगेच. अकरा वर्षं... ये म्हटलं की आली आहे.

सुनंदा : मग ये म्हणायचं!

रमाकांत : म्हणूनच नाही म्हटलं.

सुनंदा : तुम्ही दोघं मला वेडी करणार.

रमाकांत : पाणी दे जरा. ...हां. सुनंदा, मी परका हात लावू दिला नाही कधी. तुला आठवतं? मोहनानं किती वेळा सांगितलं, माणूस ठेवा. मी म्हटलं, आमच्या घरात... नोकरानं पुसलेलं अंग घेऊन कुणी बसलं नाही. मोठा आव आणला.

सुनंदा : बाबांचं बोलणं ते. तू नुसतं पुढे चालवलंस.

रमाकांत : मी चालवलं... आणि निस्तरलं तिनं. उत्कर्षच्या हाती सकाळी चिठ्ठी धाडली. सोसायटीतल्या दत्ताजीरावांना शेवटपर्यंत सांभाळायचा तो माणूस... तो सोमवारपासून येतो. दिवसाचा पण, रात्रीचा पण. त्याचा भाऊ आहे रात्रीसाठी.

सुनंदा : तू? तू हो म्हणालास?

रमाकांत : मीच बोलावलं. तू मला त्याच्या हातून आंघोळ घालून घेताना बघू नकोस म्हणजे झालं. हसशील.

सुनंदा : नाही हसणार. वर जाऊन काय सांगू?

रमाकांत : माणूस येतोय ते सांग. खाली यायचं तर ये, नाही तर वर राहा... पाहिजे तितके दिवस. मोहनाकडे परत जायचं तर तसं. आणि म्हणावं... आज प्रश्न नाही.

*

सुनंदा : वहिनी, आज प्रश्न नाही म्हणाला.

मंदाकिनी : म्हणजे?

सुनंदा : म्हणजे नाही. आज वादळाचं काही विचारायचं नाही त्याला. आणि ऐक, हे मी पाठ करून आले आहे, माझं एक अक्षर यात नाही. सोमवारपासून माणूस येतोय. दिवसाचा, रात्रीचा. दादानं स्वतः बोलावलाय. तुला खाली यायचं तर ये. वर राहायचं तर पाहिजे तितके दिवस राहा. मोहनाकडे जायचं तर जा.

मंदाकिनी : माणूस? हे हात लावू देणार माणसाला?

सुनंदा : म्हणाला ना.

मंदाकिनी : त्याला काय येणार! यांना उजव्या कुशीवर वळवलं की दम लागतो. डाव्या बाजूनं धरून आधी बसवावं लागतं, मग दोन मिनिटं थांबायचं.

सुनंदा : ते मला काय सांगतेस? मी पाच महिने तेच केलंय.

मंदाकिनी : तू सांगितलंस त्यांना. माझं.

सुनंदा : मी काही सांगितलं नाही. त्याला आठव्या दिवसापासून ठाऊक होतं.

मंदाकिनी : आठव्या?

सुनंदा : डॉक्टर त्याला घरी येऊन सांगून गेले.

मंदाकिनी : आणि काही बोलले नाहीत?

सुनंदा : रोज बोलत होता की. हिरवं म्हणजे कसलं हिरवं. वहिनी, मी आता खाली जाऊन पाय पसरून बसणार आहे. तू काय करायचं ते कर. मला आज तरी परत जिना चढवू नका, दोघांनी पण.

*

(जिन्यावर पावलं. मध्ये थांबतात. मग पुन्हा, सावकाश, खालपर्यंत.)

रमाकांत : आलीस.

मंदाकिनी : आले. आत येत नाही अजून. दारातच आहे.

रमाकांत : सुनंदा, खुर्ची दे तिला.

सुनंदा : ही घे. बारीक झालीस गं. वरून आवाज ऐकून कळत नव्हतं.

रमाकांत : सानवी रात्री रडते का?

मंदाकिनी : पहिला महिना रडायची. आता नाही.

रमाकांत : मोहनासारखी... की जावयासारखी?

मंदाकिनी : कपाळ तुमचं आहे.

रमाकांत : बिचारी.

मंदाकिनी : अहो.

रमाकांत : बोल.

मंदाकिनी : मी तळघरात गेले नव्हते. खिडकीशीच उभी होते. आणि मला भीती वाटली नव्हती.

रमाकांत : हं.

मंदाकिनी : तुम्हाला बघून आत्ता पण मला काही वाटत नाही. दुःख नाही, बरं पण नाही. खोटं सांगायचं होतं, पण जमेल असं वाटलं नाही.

सुनंदा : वहिनी, अगं, असं कुणी...

रमाकांत : थांब सुनंदा. बोलू दे तिला.

मंदाकिनी : झालं. एवढंच होतं.

रमाकांत : किती दिवसांपासून?

मंदाकिनी : ठाऊक नाही. मला वाटलं होतं तिकडे गेल्यावर झालं. पण इथंच झालं असेल, आधीच. कामात असलं की कळत नाही.

रमाकांत : मला पण... कळलं नाही. मी इथं, तू तिथं, दीड हातावर. अकरा वर्षं.

सुनंदा : मी चहा टाकते. तुम्ही दोघं असं बोलायला लागलात की मला काही सुचत नाही. आलं घालू?

मंदाकिनी : यांच्यात नको. यांची वाफेची वेळ झाली ना? किती वाजले? औषध कुठं ठेवलंस, मी...

रमाकांत : वाफ सुनंदा देईल.

मंदाकिनी : तिचे गुडघे दुखतात. आणि तो सोमवारी येणार, त्याला पण कुणीतरी दाखवायला हवं, कसं धरायचं, किती वेळ थांबायचं. नाहीतर पहिल्या दिवशीच दम लागेल तुम्हाला.

रमाकांत : सोमवारी दाखव. आज नुसती बस.